झिओलाइटमधलं प्लॅटिनम टिकवताना: भोसरी ते कुरकुंभ

कॅटॅलिसिसमध्ये पीएचडी करणाऱ्यांना विचारायला माणसं मिळतात. पण छोट्या कंपनीच्या चारजणांच्या आरअँडडीत बसून स्वतःचा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, बनवायचा आणि प्लँटपर्यंत न्यायचा, तर कुणाचं दार ठोठवायचं हे लवकर कळत नाही. आमचं काम आता एका टप्प्याला आलंय, म्हणून आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव करारामुळे सांगता येणार नाही. लॅब भोसरीत आणि प्लँट कुरकुंभ एमआयडीसीत, एवढं पुरे.

जून २०२२. आम्ही पॅरा-क्लोरोनायट्रोबेंझीनपासून पॅरा-क्लोरोअनिलीन बनवत होतो. रंग, औषधं आणि शेतीची रसायनं यांच्यासाठी लागणारं हे इंटरमीजिएट, म्हणजे मधल्या टप्प्याचं रसायन. रेणूवरच्या नायट्रो गटाचा हायड्रोजनने अमिन गट करायचा, पण त्याच रेणूवरचा क्लोरीन तुटू द्यायचा नाही. पॅलेडियम तो क्लोरीन पटकन तोडतं, प्लॅटिनम बरंच सभ्य वागतं. त्यामुळे कार्बनवरच्या प्लॅटिनमची पावडर वापरून बॅचेस चालायच्या. प्रत्येक बॅचनंतर गाळण, थोडी पावडर फिल्टरवर, थोडं प्लॅटिनम द्रावणात, आणि काही बॅचेसनंतर सगळंच मंद. वर तो फिल्टर केक कोरडा पडू द्यायचा नाही, नाहीतर पेट घेतो. ग्राहकाला माल वाढवून हवा होता. म्हणजे पावडरऐवजी दाणे भरलेला स्थिर बेड, वरून द्रावण आणि हायड्रोजन सोडायचा, खालून माल काढायचा. अशा बेडमधला कॅटॅलिस्ट महिनोन् महिने काढता येत नाही.

आमच्या सरांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, "पहिल्या दिवसाचं कन्व्हर्जन मला दाखवू नकोस. शेवटच्या दिवसाचं दाखव." कन्व्हर्जन म्हणजे किती टक्के नायट्रोचा अमिन झाला ते.

पावसाळा वाचनात गेला. प्लॅटिनम झिओलाइटमध्ये, म्हणजे सूक्ष्म छिद्रं असलेल्या सिलिकेटच्या स्फटिकात, ठेवता येईल का ते बघत होतो. पुण्यात बसून झिओलाइटवर वाचायला लागलं की एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) नाव येतंच. १९८०च्या दशकात डॉ. पॉल रत्नसामी यांच्या गटाने 'एन्सिलाइट' नावाचे झिओलाइट कॅटॅलिस्ट पाषाणच्या लॅबमधून बडोद्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीच्या झायलीन प्लँटपर्यंत नेले होते. नैसर्गिक झिओलाइट तर आपल्या बेसॉल्टमध्येच असतात. वाघोलीच्या दगडखाणींतले स्टिलबाइटचे गुच्छ अनेकांनी शाळेच्या प्रदर्शनात पाहिले असतील. पण उद्योगाला लागणारा झिओलाइट ऑटोक्लेव्हमध्ये वाढवावा लागतो, कारण त्याची छिद्रं आणि शुद्धता आपल्या हातात हवी.

कल्पना थोडक्यात अशी. धातूचे कण उघड्या पृष्ठभागावर ठेवले की ते सरकतात, एकमेकांना चिकटतात, मोठे होतात. मोठ्या कणाच्या पोटातले अणू कामाचे नसतात. धातूचे अणू कधी सरकायला लागतील याचा ढोबळ अंदाज म्हणून टॅमान तापमान धरतात, म्हणजे केल्व्हिनमधल्या वितळबिंदूच्या निम्मं. तांब्याचं ते सुमारे ४०० अंश सेल्सियस येतं, प्लॅटिनमचं साधारण ७४७. आमची प्रक्रिया नव्वद अंशांच्या आत, म्हणजे काळजी नको असं वाटेल. पण एक-दोन नॅनोमीटरच्या कणाला हा हिशोब लागू पडत नाही, तो आधीच हलतो. शिवाय साचलेला डांबरासारखा थर जाळायला कधीतरी साडेचारशे-पाचशे अंशांवर न्यावंच लागतं. तिथे हवा असते, क्लोरीनचे अंश असतात, आणि दोन्ही प्लॅटिनमला पाय फोडतात. म्हणून कण झिओलाइटच्या बाहेर चिकटवण्याऐवजी स्फटिक वाढत असतानाच आत कोंडायचे. दार इतकं अरुंद की रेणू ये-जा करेल, कण बाहेर पडणार नाही.

आम्ही सिलिकॅलाइट-१ निवडला. मोबिलच्या प्रसिद्ध झेडएसएम-५ चाच सांगाडा, पण ॲल्युमिनियमशिवाय. छिद्रं साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची, म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरच्या जरा वर. ॲल्युमिनियम नसल्यामुळे आम्लाच्या जागा जवळजवळ नाहीत. आमचा माल अमिन, तो आम्लाच्या जागेला चिकटून बसला असता आणि कचऱ्याची सुरुवात तिथूनच झाली असती. अशा छिद्रांत पॅरा रेणू (दोन गट समोरासमोर असलेला) सुळकन जातो, ऑर्थो (दोन गट शेजारी असलेला) अडखळतो. झायलीनमध्ये हा फरक हजारपटीच्या घरात जातो. पुढे याचा एक त्रास झाला, तो नंतर सांगते.

खरेदी सुरू झाली आणि पहिला धडा मिळाला: वेळ लॅबपेक्षा खरेदीत जातो. सांगाडा उभा करायला टेम्प्लेट, म्हणजे साचा, म्हणून टेट्राप्रोपिलअमोनियम हायड्रॉक्साइड लागतं, तेही सोडियम कमी असलेलं. ते ऑगस्टमध्ये मागवलं आणि दसऱ्याच्या तोंडावर हातात आलं. प्लॅटिनमचं मीठ भारतातल्या पुरवठादाराकडून मिळालं. कोटेशन घेताना भाव मिठाच्या ग्रॅमचा आहे की धातूच्या ग्रॅमचा, हे आधी विचारा. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या स्फटिकांत प्लॅटिनम सदतीस-अडतीस टक्केच असतं. त्या वर्षी प्लॅटिनम ग्रॅमला अडीच हजारांच्या आसपास होतं, वर घडणावळ आणि जीएसटी. लॉटचं ॲनालिसिस सर्टिफिकेट आल्याशिवाय बिल पास करू नका. आमच्या अकाउंट्सने सुरुवातीला "एवढ्याशा बाटलीला एवढे पैसे?" म्हणून फाइल दोनदा परत पाठवली. मग बाटली तिजोरीत ठेवायची आणि रजिस्टरवर दोन सह्या घ्यायच्या, अशी पद्धत पडली. ती चांगलीच आहे.

ज्यातून स्फटिक वाढवायचे ते जेल तीव्र अल्कधर्मी असतं. त्यात प्लॅटिनमचं मीठ तसंच टाकलं तर धातू तळाशी बसतो आणि स्फटिक त्याला सोडून वाढतात. म्हणून प्लॅटिनमला आधी एथिलीनडायअमिनने बांधून घ्यायचं. मग सिलिकासाठी टीईओएस, टेम्प्लेट, पाणी, सगळं टेफ्लॉनच्या भांड्यात, ते स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये, आणि १७० अंशांवर तीन-चार दिवस ओव्हनमध्ये. उघडायची घाई केली तर अर्धवट पांढरा चिखल मिळतो. धुतलेलं पाणी आणि मदर लिकर (स्फटिक गाळल्यावर उरलेलं द्रावण) फेकू नका. जेलमध्ये घातलेलं सगळं प्लॅटिनम स्फटिकात जात नाही, उरलेलं त्या पाण्यात असतं.

पुढची पायरी भट्टी. छिद्रांत अडकलेलं टेम्प्लेट ५५० अंशांपर्यंत जाळायचं, पण मिनिटाला एक अंश या वेगाने. भरभर तापवलं तर आतलं सेंद्रिय एकदम पेटतं, तिथल्या तिथे तापमान उसळतं आणि आतल्या आतच प्लॅटिनमच्या गाठी होतात. ह्या वेळी मासळीसारखा वास सुटतो, कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. भट्टीचा धूर थेट फ्यूम हूडमध्ये सोडा. शेजारच्या युनिटमधून "मॅडम, काय शिजवताय?" असं विचारायला माणूस आला, तेव्हा आम्ही पाइप लांबवला. हायड्रोजनमध्ये रिड्यूस केल्यावर चांगली पावडर पांढऱ्यावर हलकी राखाडी दिसते. गडद राखाडी दिसली की एक्सआरडीची (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याची) वाट बघायची गरज नाही, कण मोठे झालेत.

पावडरचं कौतुक रिसर्च पेपरात. बेडमध्ये पावडर भरली तर द्रावण पुढे सरकतच नाही, सगळा दाब तिथेच खाल्ला जातो. दोन मिलिमीटरचे दाणे हवेत. एक्स्ट्रूडरचं कोटेशन बघून सर गप्प झाले. शेवटी मी तुळशीबागेतून शेवेचा सोऱ्या आणला. स्टीलचा, कारण पितळेचं तांबं-जस्त मालात उतरलं असतं. कोलॉइडल सिलिका बाइंडर, म्हणजे दाणे बांधून ठेवणारा पदार्थ, म्हणून आणि थोडं मिथाइलसेल्युलोज, हाताने मळून शेव पाडायची, ट्रेवर रात्रभर सुकवायची, ११० अंशांवर वाळवायची, मग भट्टी. पीठ सैल झालं तर शेव ट्रेवर पसरून चपटी होते. घट्ट झालं तर दांडा फिरवताना मनगट जातं आणि शेवेला उभ्या चिरा पडतात, त्या भट्टीत उघडतात. ॲल्युमिनाचा बाइंडर जास्त मजबूत असतो, पण तो आम्लाच्या जागा परत आणतो, म्हणून टाळला. दाण्याची ताकद दाबून मोजा. ड्रममधून ओतताना चुरा होणारा दाणा प्लँटमध्ये दोन आठवडे टिकत नाही.

२०२३ चं पहिलं सहामाही तपासण्यांत गेलं. छोट्या कंपनीकडे स्वतःची मोठी उपकरणं नसतात, सगळं बाहेर. आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, देशभरातल्या संस्थांची उपकरणं त्यावर दिसतात आणि बुक करता येतात. पुण्यात एक्सआरडी आणि बीईटी (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणं) लवकर होतं. टीईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायला) पुण्याबाहेर पाठवलं, तिथे दीड-दोन महिने गेले. उद्योगांचे दर विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट असतात, वर १८ टक्के जीएसटी, आणि बहुतेक ठिकाणी पैसे आगाऊ. त्यामुळे सँपल पाठवण्याआधीच पीओ (खरेदी आदेश) आणि आगाऊ रकमेची मंजुरी घेऊन ठेवा. टीईएमच्या फॉर्मवर "इलेक्ट्रॉन बीमने खराब होणारा पदार्थ" असं ठळक लिहा, नाहीतर झिओलाइटचा सांगाडा फोटो काढता काढता कोसळतो आणि तुम्हाला वाटतं कॅटॅलिस्टच वाईट. प्लॅटिनम मोजायला आयसीपीला देताना सिलिका आहे हे आधी सांगा. ती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं आणि बऱ्याच लॅब ते हाताळत नाहीत.

हायड्रोजनचा बंदोबस्त याच काळात केला. लाल सिलेंडर, डाव्या आट्यांचा व्हॉल्व्ह. ठरावीक मर्यादेवर साठा गेला की पेसोचा (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंच्या सुरक्षेचं केंद्रीय खातं) परवाना लागतो. लॅबपुरता आम्ही साठा मर्यादेत ठेवला, प्लँटसाठी कन्सल्टंट नेमला. हायड्रोजन वर चढतो, म्हणून डिटेक्टर छताजवळ लावा. आमच्याकडे विक्रेत्याच्या माणसाने एलपीजीच्या सवयीने तो गुडघ्याच्या उंचीवर बसवला होता, परत काढायला लावला. छोट्या रिॲक्टरचं सगळं सेटअप, पंप, फ्लो कंट्रोलर, बॅक प्रेशर रेग्युलेटर (बाहेरच्या टोकाला दाब राखणारा व्हॉल्व्ह) धरून बारा-तेरा लाखांत गेलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. टिकाऊपणा कसा मोजायचा? बऱ्याच पेपरात तोच कॅटॅलिस्ट पाचवेळा वापरून, पाचही वेळा ९९ टक्के दाखवतात आणि त्याला स्थिर म्हणतात. माझ्या मते त्या आलेखाला काही अर्थ नाही. बेडमध्ये गरजेच्या दुप्पट कॅटॅलिस्ट असेल तर पुढचा अर्धा मरेपर्यंत बाहेर १०० टक्केच दिसणार, मग एका आठवड्यात कोसळणार. मरण आधीच सुरू झालेलं असतं, आकड्यात दिसत नाही. खरी चाचणी अर्धवट कन्व्हर्जनवर करायची. द्रावणाचा वेग वाढवून ते साठ-सत्तर टक्क्यांवर आणा आणि मग तास मोजा. कॅटॅलिस्ट एक टक्का थकला तरी लगेच दिसतं.

पण नायट्रोच्या बाबतीत याला एक धोका आहे. अर्धवट प्रक्रियेत हायड्रॉक्सिलअमिन साचतं, ते तापलं की स्फोटक ठरू शकतं. शिवाय नायट्रोचा अमिन होताना मोलमागे साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. म्हणून द्रावण पातळ, रिॲक्टर छोटा, बाहेर पडणारा माल लगेच थंड, आणि रोज हायड्रॉक्सिलअमिनचं प्रमाण. थकलेला कॅटॅलिस्ट म्हणजे नुसता तोटा नाही, प्लँटमध्ये तो थेट सुरक्षेचा प्रश्न असतो, हे मॅनेजमेंटला पटवायला हाच मुद्दा कामी आला.

लांब चाचणी जानेवारी २०२४ मध्ये लावली. उद्दिष्ट १००० तासांचं, म्हणजे सलग सहा आठवडे. भोसरीत सलग म्हणजे काय ते तिथे काम करणाऱ्यांना माहीत आहे: गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. म्हणून कंट्रोलर यूपीएसवर, आणि व्हॉल्व्ह असे की वीज गेली की हायड्रोजन आपोआप बंद, नायट्रोजन चालू. पंप आणि हीटर एवढ्या वेळ यूपीएसवर चालवणं परवडत नव्हतं. सरांचं मत, "प्लँटमध्येही शटडाउन होणारच की. हेही चाचणीतच धर." खरंच, दर गुरुवारच्या थंड-गरम फेऱ्याने दाण्यांची परीक्षा फुकटात झाली.

फेब्रुवारीत रिॲक्टरच्या बाहेरच्या टोकाचा दाब हळूहळू चढायला लागला. बॅक प्रेशर रेग्युलेटर उघडला तर सीटभोवती पांढरे सुईसारखे स्फटिक. प्लॅटिनमने अगदी थोडा क्लोरीन तोडला होता, त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल झालं आणि ते आमच्याच अमिनशी जुळून हायड्रोक्लोराइडचं मीठ झालं. सॉल्व्हंटमध्ये ते विरघळत नाही, थंड कोपऱ्यात साचतं. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली, तरी आठवड्याभरात लाइन बुजली. उपाय साधा: रेग्युलेटरच्या आधी लाइन गरम ठेवली आणि थोडं पाणी सोडून मीठ धुऊन घेतलं. मात्र यामुळे दुसरं कळलं: क्लोराइड असलेल्या ओल्या जागी एसएस-३१६ या स्टेनलेस स्टीलवर खड्डे पडतात. प्लँटसाठी त्या टप्प्याचं मटेरियल बदलावं लागलं आणि बजेट वाढलं. लांब चाचणी केली नसती तर हे कुरकुंभला कळलं असतं, आणि तिथे ते महागात पडलं असतं.

ऑर्थोचा त्रास याच काळातला. कच्च्या मालात थोडा ऑर्थो आयसोमर असायचा, बॅचमध्ये तोही अमिन होऊन निघून जायचा. झिओलाइटच्या दारातून तो आत शिरतच नव्हता, जसाच्या तसा बाहेर येत होता. ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये नायट्रोची मर्यादा कडक. शेवटी कच्च्या मालाचाच ग्रेड बदलला, किलोमागे काही रुपये वाढले. झिओलाइट वापरणार असाल तर तुमच्या कच्च्या मालात काय काय आहे, ते आधी जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) बघून घ्या.

हजार तासांनंतर कन्व्हर्जन सुरुवातीपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी खाली होतं. द्रावणातलं प्लॅटिनम आयसीपी-एमएसमध्ये मोजण्याच्या मर्यादेच्या जरा वर. एक टक्का ऑक्सिजनपासून सुरुवात करून बेड सावकाश जाळला, तेव्हा घसरणीतला बहुतेक भाग भरून आला. आधीचे आणि नंतरचे टीईएम फोटो शेजारी ठेवले तेव्हा स्पष्ट दिसलं: आतले कण जागच्या जागी एक-दीड नॅनोमीटरचे, आणि स्फटिकाच्या बाहेर चुकून राहिलेले फुगून आठ-दहा नॅनोमीटरचे. म्हणजे बाहेरचं प्लॅटिनम जेवढं कमी, तेवढा टिकाऊपणा जास्त. त्यानंतर धुण्याच्या पद्धतीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला.

कागदपत्रांचं काम समांतर चालू होतं. प्रॉडक्ट तेच असलं तरी प्रक्रिया बदलली की प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात दुरुस्ती लागते, आणि वापरलेला कॅटॅलिस्ट घातक कचऱ्यात येतो. अर्जात विचारतात, वर्षाला किती किलो निघेल? हे सांगायला आयुष्य माहीत हवं, आणि आयुष्य कळायला प्लँट चालायला हवा. आम्ही हजार तासांच्या घसरणीवरून काढलेला आकडा, हिशोबासकट, जोडला. शंका कमी निघाल्या. नुसता गोल आकडा लिहिला असता तर पत्रव्यवहार वाढला असता असं कन्सल्टंटचं म्हणणं.

पेटंटचं थोडक्यात. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज नोव्हेंबर २०२३ मध्ये, मुंबई ऑफिसला ऑनलाइन. उद्यम प्रमाणपत्रासोबत फॉर्म २८ लावला की लहान उद्योगाला फी १६०० रुपये. एजंटची फी मात्र त्याच्या कितीतरी पट. कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचा पूर्ण तपशील) बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं, आमचा लांब चाचणीचा डेटा त्यात बरोबर बसला. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने, आमच्यासारख्या आधीच्यांना ४८.

पायलट (प्लँटमधला चाचणीचा बेड) जुलै २०२४ मध्ये भरायचं ठरलं. कॅटॅलिस्टचे ड्रम सोलापूर रोडने जायचे आणि नेमकी तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड याच वाटेवर. वाहतूक वळवलेली. टेम्पो दोन-तीन दिवस उशिरा निघाला. ओल लागू नये म्हणून ड्रममध्ये सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या होत्या, त्याचा उपयोग झाला. वीस किलोच्या बेडमध्ये अर्ध्या टक्क्याने शंभर ग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे तेव्हाच्या भावाने अडीच-तीन लाख. विमा ट्रान्झिटचाही घ्या.

बेड भरताना फोरमन काकांनी दाणे उंचावरून ओतू दिले नाहीत. "ताई, धान्यसुद्धा असं कोणी ओतत नाही," म्हणून कापडी बाही लावून खालपासून भरत आणले, दर थोड्या वेळाने पातळी बघत. दाब सुरुवातीपासून डिझाइनच्या आकड्याच्या आत राहिला, तो त्यांच्यामुळे.

पहिला बेड २०२५ च्या उन्हाळ्यात काढला, दोनदा जाळून झाल्यावर. आता तो रिफायनरकडे, म्हणजे वापरलेल्या कॅटॅलिस्टमधलं प्लॅटिनम परत काढणाऱ्याकडे, आहे. ज्यांना हे पहिल्यांदा करायचंय त्यांच्यासाठी: पाठवण्याआधी माल एकजीव करून तीन सीलबंद नमुने काढा. एक तुमचा, एक रिफायनरचा, एक तिसऱ्या लॅबसाठी राखीव. धातूच्या टक्केवारीत फरक निघाला तर तिसऱ्याचा निकाल दोघांनी मानायचा, हे करारात आधी लिहून घ्या. वजन कोरडं की ओलं, कितीव्या अंशांवर वाळवून, हेही. आमच्या आणि त्यांच्या आकड्यात थोडा फरक आलाय, राखीव नमुना मागच्या आठवड्यात तपासणीला गेलाय. दुसऱ्या बेडचा लॉट भोसरीत सुकतोय, यावेळी भाड्याच्या एक्स्ट्रूडरवर.